बिनतारी मेमरी कार्ड आणि सर्व्हरचा भरवसा

डिजिटल कॅमेऱ्यातले नेहमीचे एसडी कार्ड ३२ मिलिमीटर लांब, २४ मिलिमीटर रुंद आणि २.१ मिलिमीटर जाड असते. सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी १९९९ मध्ये हे कार्ड जाहीर केले, आणि त्यानंतर आठ वर्षांनी नेमक्या त्याच मापात साठवणुकीच्या चिपबरोबर वाय-फायचा रेडिओ, अँटेना आणि छोटा प्रोसेसर बसवलेले कार्ड दुकानात आले. कॅमेऱ्यात काहीही बदल न करता, केबल न लावता, कार्ड बाहेर न काढता फोटो लॅपटॉपवर किंवा फोनवर यावेत, एवढाच त्याचा उद्देश होता. पुढची दहा वर्षे अशी कार्डे बनत राहिली, आणि मग ती बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. माझ्याकडचे एक कार्ड अजून कामात आहे, आणि त्याच्याच काळातली, तितक्याच हुशारीने बनवलेली दुसऱ्या जातीची कार्डे मात्र लोकांच्या कपाटात निरुपयोगी होऊन पडली आहेत. हा फरक कार्डाच्या चिपमुळे पडलेला नाही, कार्ड कुणाच्या परवानगीने चालते यामुळे पडलेला आहे, असे माझे मत आहे.

पहिले कार्ड आणले ते आय-फाय या कंपनीने. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे २००५ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे २ जीबीचे कार्ड २००७ च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे १०० डॉलरला विक्रीला आले. वाय-फाय असलेले कॅमेरे त्याआधी नव्हते असे नाही. कोडॅकचा ईझीशेअर-वन आणि निकॉनचा कूलपिक्स पी-१ हे दोन्ही २००५ चेच. पण ती सोय हवी तर नवा कॅमेरा घ्यावा लागत असे. आय-फायने ती सोय कॅमेऱ्यातून काढून कार्डात नेली, त्यामुळे घरात असलेला कोणताही एसडी कॅमेरा तिच्या आवाक्यात आला. ही कल्पना इतकी लागू पडली की कॅनन आणि निकॉन यांनी पुढे आपल्या अनेक कॅमेऱ्यांच्या मेन्यूत खास या कार्डासाठी चालू-बंद करण्याचा पर्याय दिला. परक्या कंपनीच्या मेमरी कार्डासाठी कॅमेरा कंपनीने मेन्यूत जागा ठेवावी, असे फारसे घडत नाही.

या कार्डाच्या काही आवृत्त्यांत फोटोला स्थळाची माहिती जोडण्याचीही सोय होती, आणि तीही जीपीएसशिवाय. फोटो काढतेवेळी आसपास कोणकोणती वाय-फाय जाळी दिसत आहेत याची नोंद कार्ड ठेवत असे. पुढे फोटो अपलोड होताना स्कायहुक या कंपनीच्या माहितीसाठ्याशी ती नोंद ताडून अक्षांश-रेखांश काढले जात. शहरात ही युक्ती छान चालावी. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर मात्र तिचा काही उपयोग नाही, हे उघड आहे.

कार्डात रेडिओ बसवणे ही अडचणीची एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी की कॅमेऱ्याला या सगळ्याचा पत्ता नसतो. त्याच्या दृष्टीने खोबणीत एक साधे कार्ड आहे, त्यावर फोटो लिहायचा आणि काही वेळ कुणी बटण दाबले नाही की वीज वाचवण्यासाठी झोपी जायचे. कार्डाला वीज मिळते ती कॅमेऱ्याकडूनच, त्यामुळे कॅमेरा झोपला की अर्ध्यावर आलेला फोटो तिथेच तुटतो. म्हणून अशा कार्डाच्या सूचनापत्रकात बहुधा पहिली सूचना कॅमेऱ्याची आपोआप बंद होण्याची वेळ वाढवा अशीच असते, आणि ती वाढवली की बॅटरी लवकर उतरते, कारण आता रेडिओचाही खर्च तिच्यावर पडलेला असतो. त्यात कॅमेऱ्याचा सांगाडा धातूचा असेल तर अँटेना जणू डब्यात बंद होते आणि शेजारच्या खोलीतला राउटरही तिला धड सापडत नाही.

याहून नाजूक प्रश्न फाइलींच्या यादीचा आहे. कार्डावर कोणता फोटो कुठे आहे याचे कोष्टक फॅट पद्धतीने ठेवलेले असते, आणि कॅमेरा सुरू होताना ते वाचून आपल्याजवळ त्याची प्रत ठेवतो. आता कार्डातल्या प्रोसेसरने वाय-फायवरून आलेली एखादी फाइल परस्पर कार्डावर लिहिली, तर कॅमेऱ्याला ते कळत नाही. तो जुन्या प्रतीवरून पुढचा फोटो लिहितो आणि दोघांची नोंद एकमेकींवर पडते. एका रोजकीर्दीत दोन कारकुनांनी एकमेकांना न विचारता आकडे टाकावेत, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे बहुतेक कार्डे वाय-फायवरून फक्त वाचू देतात. तोशिबाच्या फ्लॅशएअर कार्डात बाहेरून फाइल चढवायची असेल तर ती मुभा आधी सेटिंगमध्ये उघडावी लागते, आणि चढवण्यापूर्वी कॅमेऱ्याचे लेखन रोखून धरण्याची आज्ञा कार्डाला द्यावी लागते. आय-फायच्या एका आवृत्तीत अपलोड झालेले जुने फोटो कार्डाने स्वतःच पुसून जागा मोकळी करण्याची सोय होती. ती वापरणाऱ्यांच्या धाडसाचे मला कौतुक वाटते.

आणि मग कार्डाला बटण नाही, दिवा नाही, पडदा नाही. अशा वस्तूला ‘आता वाय-फाय सुरू कर’ हे सांगायचे कसे? फ्लॅशएअरच्या अभियंत्यांनी यावर काढलेला तोडगा मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत देखणा वाटतो. फोटोंच्या फोल्डरमध्ये कार्ड स्वतःचे एक चित्र ठेवते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर इतर फोटोंसारखेच ते दिसते. पुसले जाऊ नये म्हणून फोटोला कुलूप लावण्याची जी सोय प्रत्येक कॅमेऱ्यात असते, ती वापरून या चित्राला कुलूप लावले की कार्डातले वाय-फाय सुरू होते. कॅमेऱ्याने इमानेइतबारे फाइलीच्या नोंदीतला एक बिट बदललेला असतो, आणि कार्ड नेमके त्याच बिटवर नजर ठेवून बसलेले असते. आय-फायनेही हीच कुलपाची सोय निवडक फोटो पाठवण्यासाठी वापरली होती: ज्या फोटोला कुलूप, तोच पाठवायचा. कॅमेरा कंपन्यांशी एक शब्द न बोलता त्यांच्या मेन्यूतून आपल्या कार्डाचा कारभार चालवण्याची ही रीत मला फार आवडते.

फ्लॅशएअर बाजारात आले २०१२ मध्ये, आणि त्याचे वागणे सुरुवातीपासून निराळे होते. ते स्वतःच एक छोटे वाय-फाय जाळे तयार करते आणि त्या जाळ्यावर स्वतःच एक वेबसर्व्हर चालवते. फोन त्याला जोडायचा, ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी ‘फ्लॅशएअर’ हे नाव इंग्रजी अक्षरांत टाकायचे, की फोटोंची यादी समोर येते. खाते उघडायला नको, नोंदणी नको, कंपनीचे अ‍ॅप असलेच पाहिजे असेही नाही. ब्राउझरऐवजी एखाद्या छोट्या प्रोग्रॅमने विचारले तरी कार्ड तितक्याच सरळपणे उत्तर देते. यादी मागितली की एकेका फोटोची एकेक ओळ येते: फोल्डर, नाव, आकार, गुणधर्म, तारीख आणि वेळ, सगळे स्वल्पविरामांनी तोडलेले. तारीख मात्र फॅटच्या कच्च्या आकड्यात असते. १ मे २०१५ ही तारीख तिथे १८०८१ अशी दिसते, कारण १९८० पासून मोजलेले वर्ष, महिना आणि दिवस हे तिन्ही एकाच संख्येत बसवलेले असतात. ती सोडवायला पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दोन-तीन ओळी पुरतात. यादीत काही नवीन आले का एवढेच विचारणारी वेगळी आज्ञाही आहे, त्यामुळे दर वेळी अख्खी यादी मागवत बसावे लागत नाही.

मी हे कार्ड आजही वापरते ते आमच्या घरच्या मोडी कागदांसाठी. जुन्या रुमालांत बांधलेले हे कागद फार ठिसूळ झाले आहेत. ते स्कॅनरच्या काचेवर पालथे दाबणे शक्य नाही, म्हणून कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून बसवायचा, दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड द्यायचा आणि वरून फोटो काढायचा, अशी पद्धत आम्ही ठरवली. माझ्या कॅमेऱ्यात बॅटरी आणि कार्ड यांचा दरवाजा एकच आणि तोही तळाशी आहे. स्टँडची पट्टी नेमकी त्यावर येते. कार्ड काढायचे म्हणजे पट्टी सोडवायची, आणि पट्टी सोडवली की कॅमेऱ्याची पातळी, उंची आणि फोकस हे सगळे पुन्हा जुळवायचे. अशा ठिकाणी बिनतारी कार्ड चैन राहत नाही. बॅटरीच्या जागी विजेला जोडलेली डमी बॅटरी घातली की बॅटरी उतरण्याचा आणि कॅमेरा झोपण्याचा प्रश्नही मिटतो, कारण आपोआप बंद होण्याची सोय निर्धास्तपणे काढून टाकता येते.

कार्ड मी घरच्या राउटरला जोडून ठेवते. त्यासाठी कार्डावरच्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये कन्फिग नावाची साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात मोड ५ लिहायचा आणि राउटरचे नाव व पासवर्ड द्यायचा. मग कार्ड स्वतःचे जाळे तयार करत नाही, घरच्या जाळ्यात एक पाहुणा म्हणून येते. लॅपटॉपसमोर बसतात मोडी वाचणारे आमचे काका. शटर वाजल्यावर थोड्याच वेळात पान त्यांच्यासमोर उमटते, आणि ते चष्मा वर करून सांगतात, “अगं, खालची ओळ घडीच्या सावलीत गेली, परत घे.” कागद अजून जागेवरच असतो, दिवा किंचित सरकवला की काम होते. संध्याकाळी सगळे फोटो एकदम पाहून चुकलेली पाने पुन्हा रुमालातून शोधायची, त्या ठिसूळ कागदांना पुन्हा हात लावायचा, हे सगळे त्यामुळे टळते.

हे इतके सुरळीत चालते, कारण वेगाकडून मी फार मागत नाही. कॅमेरा रॉ (मूळ, कच्ची आणि मोठी) आणि जेपेग (आकुंचित केलेली, छोटी) अशा दोन्ही फाइली लिहितो. त्यांतली फक्त छोटी जेपेग मी वाय-फायवरून मागवते. माझ्या कार्डाकडून सेकंदाला साधारण दीड मेगाबाइट येतो. दोन मेगाबाइटची जेपेग त्यामुळे सव्वा-दीड सेकंदात पोचते, पण पंचवीस मेगाबाइटच्या रॉ फाइलीला सतरा सेकंद लागतील, आणि अशा दोनशे फाइली आणायच्या तर जवळजवळ तास जाईल. तेच कार्ड चांगल्या यूएसबी रीडरमध्ये घातले तर तेवढ्या फाइली एक-दोन मिनिटांत उतरतात. बिनतारी कार्ड म्हणजे रीडरला पर्याय, अशी जाहिरातींनी करून दिलेली समजूत खरी नव्हती. लग्नाच्या फोटोग्राफरने दिवसभराचे सगळे फोटो यावर सोडावेत असे हे साधन नाही. ज्याला काही मोजके फोटो लगेच मोठ्या पडद्यावर पाहायचे आहेत, त्याच्यासाठी ते आहे.

फोनबरोबरचा अनुभव थोडा त्रासाचा. कार्डाने स्वतः तयार केलेल्या जाळ्यावर इंटरनेट नसते, आणि हल्लीच्या फोनांना ते खपत नाही. ‘या वाय-फायवर इंटरनेट नाही, तरीही जोडलेले राहायचे का?’ असे विचारून, आणि पुष्कळदा न विचारताच, फोन परत मोबाइल डेटाकडे वळतो, आणि फोटोंचे पान अर्धवट उघडून थांबते. मोबाइल डेटा तेवढ्यापुरता बंद करणे हा खात्रीचा उपाय आहे. फोन विमानप्रवासाच्या मोडमध्ये टाकून फक्त वाय-फाय चालू करणे हाही तोच उपाय, जरा फिरवून केलेला.

आता निरुपयोगी झालेल्या कार्डांविषयी. आय-फायच्या एक्स-२ मालिकेतली कार्डे फोटो संगणकाकडे पाठवत ती घरातल्याच जाळ्यावरून. संगणकावरच्या त्यांच्या प्रोग्रॅमशी कार्ड ५९२७८ या पोर्टवर बोलत असे आणि फोटो टार फाइलीत गुंडाळून पाठवत असे. पण हा संवाद सुरू होण्याआधी दोघांनी एकमेकांना ओळख पटवावी लागे, आणि त्या ओळखीची किल्ली मिळे कंपनीच्या सर्व्हरवर उघडलेल्या खात्यातून. नवे वाय-फाय जाळे कार्डाला शिकवायचे, दुसऱ्या संगणकावर कार्ड न्यायचे, तरी वाट त्या खात्यावरूनच जाई. फोटो खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला जायचा आणि त्याची परवानगी मात्र कॅलिफोर्नियातून यायची, अशी ही रचना होती.

२०१६ च्या जूनअखेरीस कंपनीने ग्राहकांना कळवले की एक्स-२ आणि त्याआधीच्या सर्व कार्डांचा पाठिंबा १६ सप्टेंबर २०१६ रोजी संपेल. जुन्या सुरक्षापद्धती आता कमकुवत ठरल्या आहेत, हे त्याचे एक कारण देण्यात आले. ते कारण खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण यातली काही कार्डे जेमतेम दीड वर्षापूर्वीपर्यंत विकली जात होती, आणि ज्याने पैसे मोजून कार्ड घेतले त्याला ते घरच्या घरी चालू ठेवण्याचा कोणताही मार्ग मूळ रचनेत ठेवलेलाच नव्हता. ग्राहक चांगलेच संतापले. त्यानंतर कंपनीने मॅकसाठी एक छोटा प्रोग्रॅम दिला, ज्याने काही कार्डे कशीबशी चालवता येत. खरी मदत केली ती हौशी प्रोग्रॅमर मंडळींनी: कार्ड आणि संगणक यांच्यातले बोलणे ऐकून, समजून घेऊन त्यांनी स्वतःचे छोटे सर्व्हर आधीच लिहून ठेवले होते. ज्यांच्याजवळ जुनी किल्ली जपलेली होती त्यांची कार्डे त्यावर चालली.

कंपनीला यातले काहीच कळत नव्हते असेही नाही, कारण तिचेच २०१३ सालचे मोबी हे कार्ड खात्याशिवाय चालत असे. त्याच्या डबीवर एक कोड छापलेला असे. तो फोनमध्ये टाकला की कार्ड आणि फोन जोडले जात. म्हणजे साधी रचना शक्य होती, फक्त ती सहा वर्षे उशिरा आली. त्याच २०१६ मध्ये फोटो ऑनलाइन साठवण्याची आय-फायची सेवा रिकोकडे गेली, आणि कंपनीची कहाणी तिथे जवळपास संपली. तोशिबाचा मेमरी व्यवसायही पुढे वेगळा होऊन २०१९ मध्ये किओक्सिया या नावाने ओळखला जाऊ लागला, पण त्या नामांतराचा माझ्या कार्डाला धक्काही लागला नाही, कारण ते कुणाला काही विचारत नाही.

ट्रान्सेंडच्या वाय-फाय कार्डाची गोष्ट याच्या पुढची आहे. त्याच्या पोटात चक्क लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली चालते, हे २०१३ मध्ये लोकांनी शोधून काढले. कार्डाच्या मुळाशी ठरावीक नावाची एक स्क्रिप्ट ठेवली की कार्ड सुरू होताना ती मुकाट्याने चालवते, आणि मग त्या एवढ्याशा तुकड्यात बाहेरून लॉगिन करून हवे ते करता येते. सुरक्षेच्या दृष्टीने ही गोष्ट भयंकर आहे. पण तेवढ्याच कारणाने ते कार्ड कंपनीच्या मर्जीवर राहिले नाही.

कॅमेऱ्यांनी हे साधन सोडून दिले, कारण वाय-फाय त्यांच्यातच आले. कॅननचा फुल-फ्रेम ६-डी हा कॅमेरा २०१२ मध्येच वाय-फायसह आला, आणि २०१६ पासून निकॉनने ब्लूटूथवरून फोनशी सतत जोडलेले राहण्याची सोय आणली. गंमत म्हणजे त्याच वर्षी कॅननने डब्ल्यू-ई-१ नावाचे एसडी कार्डाच्या आकाराचे वाय-फाय उपकरण काढले, तेही ज्या ७-डी मार्क २ सारख्या कॅमेऱ्यांत वाय-फाय द्यायचे राहून गेले होते त्यांच्यासाठी. कॅमेऱ्याबाहेर मात्र या कार्डांना दुसरे आयुष्य मिळाले आहे. थ्रीडी प्रिंटरला दर वेळी कार्ड काढून फाइल द्यावी लागू नये म्हणून अनेक जण फ्लॅशएअर वापरतात. झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णांच्या सीपॅप यंत्रात रात्रीची नोंद एसडी कार्डावर होते. ती रोज सकाळी संगणकावर आपोआप उतरावी म्हणून इझी-शेअर हे चिनी वाय-फाय कार्ड वापरणारे बरेच लोक आहेत. आणि गार्मिनने विमानाच्या नेव्हिगेशन यंत्रात घालायचे फ्लाइट स्ट्रीम ५१० हे असेच कार्ड बनवले, ज्यामुळे वैमानिकाला नकाशांचा माहितीसाठा टॅब्लेटवरून यंत्रात पाठवता येतो.

आज कुणी मला असे कार्ड घेऊ का विचारले तर बहुतेकांना मी नको म्हणेन. फोनला जोडायचा ओटीजी कार्ड रीडर काही शे रुपयांत मिळतो आणि तो कितीतरी वेगवान असतो. कॅमेरा एका जागी बांधलेला राहणार असेल, किंवा त्याचे कार्ड काढणेच अडचणीचे असेल, तरच जुने फ्लॅशएअर शोधण्यात अर्थ आहे. घेतले तर आधी पाहावे की घरचा राउटर २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आहे आणि फक्त डब्ल्यूपीए-३ या वाय-फायच्या नव्या सुरक्षापद्धतीवर अडकलेला नाही, कारण ही कार्डे त्यापूर्वीची आहेत. कार्ड संगणकात फॉरमॅट करण्यापूर्वी तो लपवलेला फोल्डर दुसरीकडे उतरवून ठेवावा; तो गेला की वाय-फायची मांडणीही जाते. कार्डाने तयार केलेल्या जाळ्याचा मूळ पासवर्ड १ ते ८ हे ओळीने आठ अंक असा असतो, आणि शेजारच्या खुर्चीवरचा कुणीही तो टाकून तुमचे फोटो पाहू शकतो, तेव्हा कन्फिग फाइलीत तो पहिल्याच दिवशी बदलावा. बदलल्यावर कार्डाची वीज एकदा तोडून पुन्हा द्यावी लागते, कारण ती फाइल ते फक्त सुरू होताना वाचते.